मिस मॉसनची दोन अक्षरं

इंग्रजीतल्या एका जातीच्या वाक्यांचा मला भयंकर राग येतो. आधी तीन-चार नावं ओळीनं उभी करायची आणि सगळ्यांच्या मागे एक शेपूट लावून द्यायचं. ते शेपूट शेवटच्या नावाचं की सगळ्यांचं, हे लिहिणारा सांगत नाही, वाचणाऱ्यानं आपल्या सोयीनं ठरवायचं. आणि गावात ज्याच्या हातात किल्ल्या असतात त्याचीच सोय बघितली जाते. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या या हॅल्सविक गावात माझी पस्तीस वर्षं गेली, त्यातली सतरा एका वकिलाच्या ऑफिसात असली वाक्यं बडवण्यात गेली. तेव्हा हे बोलायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

त्या ऑफिसात आम्ही दोघी टायपिस्ट. मी धाकटी, सांगलीहून नवऱ्याच्या मागे इथे आलेली. थोरली मिस एनिड मॉसन. उंच, हाडकुळी, बारा महिने तपकिरी स्वेटर, आणि त्या स्वेटरच्या बाहीत खोचलेला रुमाल. सतरा वर्षांत ऑफिसात ती मला 'मिसेस केळकर' आणि मी तिला 'मिस मॉसन', याच्या पुढे आम्ही गेलो नाही. बसस्टॉपवर उभ्या राहिलो की मात्र ती मला कुंदा म्हणायची. 'कूंडा' म्हणायची खरं तर, पण प्रेमानं म्हणायची, म्हणून मी कुंडा व्हायला तयार होते.

तिला वाक्य वाकडं दिसलं की स्वस्थ बसवत नसे. बंदराजवळ नॉर्मनचं मासळीचं दुकान होतं. तो फळ्यावर खडूनं लिहायचा: 'अंडी, चीज आणि हॅडॉक मासे, आज सकाळी बोटीतून उतरवलेले.' मिस मॉसन पिशवी घेऊन त्याच्यापुढे उभी राहायची.

"नॉर्मन, अंडी पण बोटीनं आली वाटतं?"

"आली ना! कोंबड्या डेकवरच बसल्या होत्या, टोप्या घालून."

"मग अंडी दुसऱ्या ओळीत लिही."

"बाई, तुम्हाला अंडी हवीत की माझा फळा हवाय?"

दर शुक्रवारी हे. नॉर्मन मुद्दाम फळा तसाच ठेवायचा आणि ती मुद्दाम विचारायची. गावातले लोक तिला हसायचे, पण मृत्युपत्र करायचं झालं की तिच्याकडेच येऊन हळूच विचारायचे, "एनिड, यात काही राहिलं नाही ना गं?"

ऑफिसात मात्र तिनं असं विचारायचं नाही. तिथला कायदा निराळा. साहेबानं सांगावं, टायपिस्टनं उतरवावं. जुन्या दस्तात शब्दांची जी रांग असेल ती मोडायची नाही, आणि स्वल्पविराम तर घालायचाच नाही, कारण स्वल्पविराम माशीलासुद्धा घालता येतो असं थोरले डन्सफोर्ड साहेब म्हणायचे. कच्चा मसुदा कधी फाडायचा नाही; जितके मसुदे होतील तितके सगळे एकावर एक ठेवून गुलाबी फीत बांधायची आणि तळघरात नेऊन ठेवायचे. आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात खूण घालायची. आधी मोठ्या अक्षरांत साहेबाची आद्याक्षरं, मग तिरकी रेघ, मग छोट्या अक्षरांत टाइप करणारीची. कागद कुणाच्या डोक्यातून आला आणि कुणाच्या बोटांतून गेला, हे त्यावरून कळायचं. मिस मॉसनची अक्षरं होती 'ई' आणि 'एम', छोटी. त्या दोन अक्षरांचा तिला केवढा अभिमान! "माझी अक्षरं असलेल्या कागदात एक चूक दाखव," म्हणायची, "मी तुला वर्षभर चहा पाजीन." मला तो चहा कधी मिळाला नाही.

आता कॅपलमनच्या घरांबद्दल सांगायला हवं. दीडशे वर्षांपूर्वी कॅपलमन नावाच्या एका जहाजमालकानं टेकडीवर दहा खोल्यांची चाळ बांधून गावाला दिली. म्हातारपणी ज्यांना कुणी नाही त्यांनी तिथे फुकट राहावं, म्हणून. त्याच्या जहाजांवर बुडालेल्या लोकांच्या बायका साऱ्या किनाऱ्यावर विखुरलेल्या होत्या, त्या कुठूनही आल्या तरी त्यांना घ्यायचं. एकट्या राहिलेल्या बायकांनाही तसंच. खलाशी मात्र जगभरातून बंदरात येऊन पडणार, म्हणून त्यांना एक अट घातली, की बाबा, तू या गावात वीस वर्षं काढलेली असली पाहिजेत. त्याच्या नियमातलं वाक्य असं होतं: 'विधवा अविवाहित स्त्रिया आणि निवृत्त खलाशी ज्यांनी हॅल्सविक गावात वीस वर्षे वास्तव्य केले आहे.' स्वल्पविराम नाहीच. पण अट खलाशांची आहे हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि दीडशे वर्षांत कुणाला शंका आली नाही.

सात नंबरात ऑलिव्ह लेंग राहायची. नवरा मासेमारीच्या बोटीवर स्वयंपाकी होता, आइसलंडच्या बाजूला बोट गेली ती आलीच नाही. मूळची पलीकडच्या किनाऱ्यावरची, फ्लीटवुडची. इथे येऊन चौदा वर्षं झालेली, त्यातली पाच मासे कापायच्या शेडमध्ये आणि नऊ सात नंबरात. मिस मॉसनची ही एकुलती एक मैत्रीण. बुधवारी ऑफिस अर्धा दिवस असायचं, तेव्हा दोघी ऑलिव्हच्या चुलीपाशी बसून आल्याचा केक खात गावभरच्या लोकांची धुणी धूत. कधीमधी मीही असे.

मिस मॉसन स्वतः गावात राहत नव्हती. चार मैलांवर थॉर्प नावाच्या वाडीत एका शेतकऱ्याचं अर्धं घर तिच्याकडे भाड्यानं होतं. सव्वीस वर्षं रोज सकाळी पावणेआठच्या बसनं यायची आणि सव्वापाचच्या बसनं जायची. त्या उन्हाळ्यात ती साठीला टेकून निवृत्त होणार होती, आणि शेतकऱ्यानं मुलाच्या लग्नासाठी घर परत मागितलं होतं. पण तिला घोर नव्हता. चार नंबरच्या मिस पायबस आजारी होत्या, उन्हाळ्यात शुश्रूषागृहात जायच्या होत्या, आणि एकट्या बायकांच्या यादीत पहिलं नाव मिस मॉसनचं होतं. धाकटे डन्सफोर्ड साहेब, गाइल्स, त्या विश्वस्तांचे चिटणीस. त्यांनीच तिला सांगितलं होतं, "चार नंबर तुमचाच समजा, मिस मॉसन." तिनं पडद्याचं मापसुद्धा काढून आणलं होतं. ऑलिव्ह म्हणायची, "तू चारात आलीस की मी भिंतीवर काठी आपटीन, आणि तू चहा टाकायचास."

"मध्ये दोन घरं आहेत, ऑलिव्ह."

"मग जोरात आपटीन!"

हे चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीतलं. फेब्रुवारीत ट्रस्कॉटला जाग आली.

हॅरल्ड ट्रस्कॉट म्हणजे विश्वस्तांचा अध्यक्ष, मासळीचा मोठा व्यापारी. त्याच्या घरात त्याच्या आईच्या वेळची एक स्वयंपाकीण होती, ऐंशीची, बिचारीचे हात थरथरायला लागलेले. जन्मभर तिच्या हातचं खाल्लं आणि आता ती घरात नको झाली. नव्या बायकोला तिची खोली शिवणासाठी हवी होती! तर हिला कॅपलमनच्या चाळीत टाकावी. पण दहाही घरं भरलेली. चार नंबर उन्हाळ्यापर्यंत रिकामं होत नाही, आणि बायकोला खोली तर वसंतात हवी. मग या माणसानं नियमांचा कागद मागवला, चष्मा लावला, आणि त्याला ते शेपूट दिसलं. वीस वर्षं. सगळ्यांनाच लागू! सात नंबरची बाई चौदाच वर्षांची, म्हणजे ती नियमाबाहेर राहतेय. किती सोपं.

गाइल्सनं मिस मॉसनला आत बोलावलं आणि पत्र सांगितलं. मिसेस लेंग यांस, नियमानुसार, खेदपूर्वक, पंचवीस मार्चपर्यंत खोली सोडावी. ती बाहेर आली, यंत्रात कागद घातला आणि बसून राहिली. तिला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"काय झालं, मिस मॉसन?"

"काही नाही." आणि तिनं टाइप करायला सुरुवात केली. एकेका अक्षराचा धडाड धडाड आवाज. पत्र पूर्ण केलं. खाली कोपऱ्यात खूण घातली, सही करून आणली, पाकिटात घातलं, तिकीट चिकटवलं. मी नंतर त्या पत्राची कार्बन प्रत वाचली आणि माझं डोकंच फिरलं.

"तुम्ही हे टाइप केलंत? तुमच्या हातानं?"

"मी नसतं केलं तर तू केलं असतंस."

"मी फाडलं असतं!"

"मग तिसरीनं केलं असतं," ती म्हणाली. "टाइप करणं हे माझं काम आहे, कुंदा." ऑफिसात कुंदा! तेव्हाच मला कळायला हवं होतं की आत काहीतरी तुटलंय. पण मी इतकी चिडले होते की दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाही.

बुधवारी ती नेहमीसारखी टेकडीवर गेली. मी मागून पोहोचले तेव्हा ऑलिव्ह दारातच उभी होती, हातात ते पत्र. आत बोलावलं नव्हतं.

"मला वाचता येतं, एनिड," ऑलिव्ह म्हणत होती. "वरचं सगळं वाचलं. आणि मग खाली पण वाचलं. हे काय आहे? ई एम. कोण आहे ही ई एम? माझ्या चुलीपाशी बसून केक खाणारीच ना?"

"ऑलिव्ह, मी फक्त..."

"तू फक्त! सगळे फक्तच असतात. माझा नवरा ज्या बोटीवर गेला ती चालवायच्या लायकीची नव्हती, हे ज्याला माहीत होतं तोसुद्धा फक्त वंगण घालणाराच होता." तिचा आवाज फाटला. "एक शब्द बोलली असतीस आधी, तर मी पाठीत दणका बसल्यासारखी पोस्टमनपुढे उभी राहिले नसते. जा तू. आणि तुझी ती दोन अक्षरं पण घेऊन जा."

दार लागलं. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मिस मॉसन जिना उतरायला लागली, मी तिच्या मागे. तिच्या गालांवर लाल डाग उठले होते. मला वाटलं रडेल. ती रडली नाही.

"एकाहत्तर," ती बसस्टॉपवर एकदम म्हणाली.

"काय?"

"एकाहत्तर साली ते नियम मी नव्यानं टाइप केले. जुना कागद जीर्ण झाला होता. थोरल्या साहेबांनी वाचून दाखवले, मी उतरवले. आणि ते वाक्य मला दिसलं. मी छत्तीस वर्षांची होते आणि मला वाटत होतं की मला अक्कल आहे. मी ते बदललं. खलाशी आणि त्यांची वीस वर्षं आधी घेतली, मग निराळ्या ओळीत विधवा आणि अविवाहित स्त्रिया. कुणाला घोळच घालता येणार नाही असं. साहेबांनी त्यावर हिरव्या शाईनं असं झापलं की मी आठवडाभर मान वर केली नाही. आणि जसं होतं तसं परत टाइप करून दिलं. मला माहीत होतं, कुंदा. तेवीस वर्षं मला माहीत आहे की त्या वाक्याला खीळ नाही, कुणीही येऊन ते कुठेही फिरवेल. आणि त्याच्याखाली माझी अक्षरं आहेत."

"काय झापलं होतं त्यांनी?"

तिनं सांगितलं. मी ऐकलं आणि बसस्टॉपवरच ओरडले, "अहो, मग तो कागद कुठे आहे?"

आमच्या ऑफिसात कच्चा मसुदा फाडत नाहीत. वर सांगितलंच. आपण नोकराला कसं झापलं तेसुद्धा फीत बांधून जपून ठेवायची खोड जगात फक्त इंग्रज वकिलालाच असेल. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी तळघरात उतरलो. अख्खी सुट्टी गेली, माझं कोपर काळं झालं. कॅपलमनचं बाड सापडलं तेव्हा तिनं फीत स्वतः सोडली. वरून तिसरा कागद. तिची बदललेली ओळ, आणि समासात थोरल्या साहेबांचं हिरवं, किरटं अक्षर:

'मिस मॉसन, वीस वर्षांची अट फक्त खलाशांना आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यासाठी जुन्या दस्ताची रचना मोडायचं कारण नाही. विचार करणं माझं काम, टाइप करणं तुमचं.'

मी तर नाचायचीच बाकी होते. ती मात्र कागद घेऊन सरळ गाइल्सच्या खोलीत गेली. दार अर्धं उघडं होतं, आणि माझे कान शाबूत होते.

गाइल्सनं वाचलं. मग गोड आवाजात म्हणाला, "बाबांचं अक्षर. मजेशीर आहे. पण हे पुढे आणून काय होणार, मिस मॉसन? ट्रस्कॉट साहेबांना वाईट दिसेल. आणि जरा विचार करा, ही अट सगळ्यांना लागू धरली तर ती तुम्हालाही लागू होते. तुम्ही गावात एक रात्रही राहिलेल्या नाहीत. पण तुमच्या बाबतीत आम्ही डोळेझाक करू शकतो. चार नंबर तुमचाच आहे, मी शब्द दिलाय. फक्त हे बाड परत खाली ठेवून या."

बघा म्हणजे! मैत्रिणीची खोली द्यायची आणि आपली घ्यायची, आणि हे सगळं किती सभ्यपणे! आपल्याकडे निदान लाच देणारा नजर तरी चुकवतो.

"ठेवते," ती म्हणाली, आणि बाहेर आली.

मी उठूनच उभी राहिले. "ठेवता? मिस मॉसन, तुम्हाला काही..."

"बाड खाली ठेवते," ती म्हणाली. तिनं फीत बांधली, बाड खाली नेऊन ठेवलं. तो एक कागद तिच्या स्वेटरच्या आत होता.

विश्वस्तांची बैठक नऊ मार्चला, सकाळी अकरा वाजता, चर्चच्या मागच्या खोलीत. पाच विश्वस्त, गाइल्स, आणि शॉर्टहँड घ्यायला मिस मॉसन. तेवीस वर्षं ती त्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसत आलेली. तिचा आवाज तिथे कुणी ऐकलेला नव्हता. चहाचे कप आणायला जास्तीचं माणूस हवं म्हणून मी स्वतःला घुसवून घेतलं. ऑलिव्हला बोलावलं होतं, तिचं म्हणणं ऐकून घेतल्यासारखं दिसावं म्हणून. ती दाराशी कोट घालून, पर्स मांडीवर धरून बसली होती. मिस मॉसनकडे तिनं पाहिलंही नाही.

ट्रस्कॉटनं वाक्य वाचून दाखवलं. "स्वच्छ आहे. वीस वर्षं. मिसेस लेंग, तुमची चौदा. आम्हाला फार वाईट वाटतंय."

"वाईट वाटतंय तर राहू द्या मला," ऑलिव्ह म्हणाली.

"आमचे हात बांधलेले आहेत. शब्द म्हणजे शब्द."

"शब्द खोटा वाचताय तुम्ही."

सगळ्यांनी माना वळवल्या. मिस मॉसन उभी होती. वही खुर्चीवर, हातात तो कागद.

गाइल्स घाईनं म्हणाला, "मिस मॉसन, तुम्ही फक्त लिहायचं."

"तेवीस वर्षं फक्त लिहिलं. आज वाचणार आहे." आणि तिनं वाचलं. तिची ओळ वाचली, मग हिरवी शाई वाचली, शेंबड्या पोरासकट, 'टाइप करणं तुमचं' इथपर्यंत. आवाज चढलेला नव्हता. "हे एकाहत्तर साली या विश्वस्तांच्या चिटणिसानं स्वतःच्या हातानं लिहिलंय. तेव्हाच्या विश्वस्तांनी याच अर्थानं सही केली. त्यात तुमचे वडील होते, ट्रस्कॉट साहेब. त्यांना जे कळत होतं ते तुम्हाला कळत नाही असं मी मानत नाही. तुम्हाला तुमच्या स्वयंपाकिणीला घराबाहेर काढायचंय. मग तसं लिहा. माझ्या वाक्याच्या आडून एका विधवेला रस्त्यावर का काढता?"

कुणीतरी कप खाली ठेवला. चर्चचे पाद्री, तेही एक विश्वस्त, ते एवढंच म्हणाले, "मला वाटतं हे पुरेसं आहे, हॅरल्ड." ट्रस्कॉटचं तोंड उकडलेल्या खेकड्यासारखं झालं होतं. मत घेतलं. चार विरुद्ध एक. ऑलिव्ह सात नंबरात राहणार.

मी टाळ्याच वाजवणार होते. ऑलिव्ह उठली, खोली ओलांडून मिस मॉसनपाशी गेली, आणि तिच्या स्वेटरच्या बाहीतून रुमाल ओढून काढून त्यात नाक शिंकरलं. "मूर्ख बाई," ती म्हणाली. "तेवीस वर्षं लागली तुला?"

"टाइप करायला वेळ लागतो," मिस मॉसन म्हणाली.

गोष्ट इथे संपली असती तर मला आज एवढा संताप झाला नसता.

ट्रस्कॉट खाकरला. "ठीक आहे. झालं ते झालं. पण पुन्हा असा घोळ नको. मिस मॉसन म्हणतात वाक्य वाकडं आहे. बरोबर आहे त्यांचं. मग ते सरळ करून टाकू. यापुढे विधवा असो, अविवाहित स्त्री असो, खलाशी असो, प्रत्येकीची आणि प्रत्येकाची या गावात वीस वर्षं पूर्ण झालेली असली पाहिजेत. आत्ता जे राहतायत ते सोडून. कुणाची हरकत?"

कुणाची नव्हती. बैठक लांबली होती, जेवायची वेळ झाली होती. ज्या चौघांनी आत्ता ऑलिव्हच्या बाजूनं हात वर केले होते त्यांनीच परत केले. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय समंजस माणसं आहेत.

"यादीत नावं आहेत त्यांचं काय?" मिस मॉसननं विचारलं. ती बसली होती, पेन्सिल कागदावर टेकलेली.

"त्यांनाही लागू. नाही तर नियम कशाला?"

यादी टेबलावरच होती, तिच्याच अक्षरात. पहिलं नाव तिचं. ते नाव पाचही जणांना दिसत होतं. पाद्री आपल्या बुटांकडे बघत होते. गाइल्स पेनाचं टोपण घालत होता, काढत होता. एकानं, एकानं तरी म्हणायचं होतं ना, की अरे, हिचं काय! मी चहाची किटली हातात घेऊन उभी होते आणि मीही काही बोलले नाही. मी विश्वस्त नव्हते, टायपिस्ट होते. हे मी स्वतःला आजपर्यंत ऐकवत आले आहे आणि ते मला आजपर्यंत पटलेलं नाही.

ऑलिव्हला दोन मिनिटांनी समजलं. "थांबा," ती म्हणाली, "म्हणजे एनिडला..." पण तोपर्यंत खुर्च्या सरकल्या होत्या.

त्या उन्हाळ्यात मिस पायबस शुश्रूषागृहात गेल्या आणि चार नंबरात ट्रस्कॉटची स्वयंपाकीण आली. तिची वीस वर्षं भरलेली होती. म्हातारीचा काय दोष, ती दर बुधवारी ऑलिव्हकडे यायची आणि थरथरत्या हातानं केकचे तुकडे सांडायची. मिस मॉसन हडर्सफील्डला भाचीकडे गेली, मागच्या बाजूच्या एका खोलीत, जिथून समुद्र साठ-सत्तर मैलांवर. ऑलिव्ह सुट्टीच्या दिवशी बसनं तिला भेटून यायची. आल्यावर सांगायची, "तिथल्या मासळीवाल्याचा फळा बरोबर असतो. ती कंटाळलीय."

पण मला सांगायचंय ते त्याच दिवसाचं, बैठकीनंतरचं. आम्ही ऑफिसात परत आलो. गाइल्स म्हणाला, "नवा नियम आजच टाइप होऊ दे." मी म्हटलं, मी करते. मिस मॉसन म्हणाली, "नको, तुझ्यानं बिघडेल." तिनं यंत्रात कागद घातला आणि ते वाक्य टाइप केलं. जन्मात तिनं इतकं नितळ वाक्य टाइप केलं नसेल. प्रत्येक नावाची अट निराळी, निराळ्या ओळीत, आकड्यानिशी. कुणी कुठूनही फिरवलं तरी फिरायचं नाही. तिला कुठूनही आत घेता यायचं नाही.

मग तिनं कागद आत नेऊन दिला. मी दारातच उभी होते. गाइल्सनं वाचला, मान हलवली, सही करायला पेन उघडलं, आणि खाली बघून थांबला. कोपऱ्यात त्याची तीन मोठी अक्षरं होती, पुढे तिरकी रेघ, आणि रेघेपुढे कोरा कागद.

"मिस मॉसन, तुमची अक्षरं राहिली."

"राहिली नाहीत," ती म्हणाली, आणि स्वेटरची बाही सरळ करून सव्वापाचच्या बसला निघाली.